दोन सूत सैल

मी एक हातमोजा बोलतोय. थंडीत मिरवायचा नव्हे. भाजल्याच्या व्रणावर चढवतात तो, करकचून घट्ट, बोटांची टोकं तेवढी उघडी ठेवणारा. माझा रंग म्हणे कातडीचा. असल्या रंगाचा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या उजव्या हातावर उकळतं पाणी सांडलं होतं. जखम भरली, पण वरचा व्रण लाल, जाड होऊन आकसायला लागला आणि अंगठ्याला बोटांकडे ओढू लागला. दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टबाईंनी टेपने बोट न् बोट मोजलं आणि मला शिवून घेतलं.

"तेवीस तास घालायचा. काढायचा तो आंघोळीला आणि मालिशला."

तेवीस तास! लग्नाच्या नवऱ्यालाही कोणी एवढं सहन करत नाही.

बाईंचा प्रश्न एकच होता, "मॅडम, कात्री कधी धरता येईल?"

"अंगठा बाजूला उघडायला लागला की."

पहिल्या दिवशी मला चढवताना बाईंना आणि त्यांच्या सासूबाईंना घाम फुटला. "अगं, हा मोजा आहे की सूड?" सासूबाई म्हणाल्या. मी उगाच फुशारलो. आपला काय दरारा आहे, असं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात बाईंमधली शिंपीण जागी झाली. अंगात रुतणारा कपडा म्हणजे चुकलेला कपडा, हे त्यांच्या डोक्यात वीस वर्षांपासून पक्कं. एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने माझी कडेची टीप उसवली, आतलं कापड सोडलं आणि मशीनवर मला दोन सूत, म्हणजे पाव इंच, सैल करून टाकलं.

"आता कसा बसला बघा, आई!"

आणि मी? मी खूश झालो. पहिल्यांदाच मला कोणी शिव्या देत नव्हतं. शेजारणीही म्हणाल्या, छान बसलाय हो. काम शून्य आणि कौतुक भरपूर! माझ्याखाली व्रण पुन्हा वर येत होता, ते मला चांगलं जाणवत होतं. तरी मी अंग सैल सोडून पडून राहिलो. आता सांगायला लाज वाटते.

पुढच्या तपासणीत फिजिओथेरपिस्टबाईंनी अंगठ्याचा कोन मोजला. मग पुन्हा मोजला. मग माझ्या कडेवरून बोट फिरवलं.

"ताई, हा ढिला कोणी केला?"

"मीच. फिटिंग चुकलं होतं हो. गिऱ्हाइकाला एवढं घट्ट दिलं असतं, तर तोंडावर फेकलं असतं त्याने."

"चुकलं नव्हतं. हा दाबच औषध आहे. व्रणाला वर यायला जागाच द्यायची नाही. चाळीस अंशांवर आलेला कोन तीसवर गेलाय. असंच चाललं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि कात्रीचं मग मी काही सांगू शकत नाही."

घरी येऊन बाईंनी मला उलटा केला, जुन्या टाक्यांची भोकं शोधली आणि त्यांच्यावरूनच टीप मारली. मला चढवताना डोळ्यांत पाणी आलं, तरी ओढतच राहिल्या. मीही त्या दिवसापासून इमानाने आवळायला लागलो. रोज मालिश, रोज अंगठा ताणणं, "आई गं" तर दर पाच मिनिटांनी.

तीन महिन्यांत माझ्या कापडातला ताण संपला. माझ्या जागी नवा आला, तसाच घट्ट, तसाच कुरूप. तुमच्या वाट्याला असा कोणी आला, तर त्याला खुशाल शिव्या द्या, पण सैल करू नका. कौतुकाने आमचं डोकं फिरतं.

आत्ता मी कापणीच्या टेबलावर पडलोय. बाईंच्या उजव्या हातात कात्री आहे.

"चांगलं कापड नको घेऊस," सासूबाई म्हणाल्या, "हाच घे मेला."

कात्री पहिल्यांदा उघडलीच नाही. दुसऱ्यांदा अर्धी उघडली. तिसऱ्यांदा अंगठा थरथरत बाजूला गेला आणि थंडगार पातं माझ्या मनगटातून आत शिरलं, कचकच करत पार करंगळीपर्यंत.

"अगं, वाकडं कापलंस की!"

"वाकडं तर वाकडं," बाई रडत रडत हसल्या, "कापलं ना पण, आई!"