तहान

काडीवर दोरा. दोराच म्हणायचा — पांढरा, ओला, हळदीच्या लेपातून डोकं काढलेला, आणि उरलेला सगळा अजून शकूच्या पोटरीत... द्वारकानं काडीला अर्धा वेढा दिला आणि हात थांबवला. नारूचा किडा ओढायचा नसतो, रोज थोडा गुंडाळायचा. तुटला की पाय सडतो. कुरुंद्यात लंगडी माणसं काय कमी आहेत? शकू ओठ दाबून आईच्या हाताकडं बघत होती, आणि आईचं मन भलतीकडंच होतं.

सकाळी डॉक्टर येऊन गेला होता. हैदराबादेहून आलेला, नारूवर संशोधन करणारा. गेल्या उन्हाळ्यात त्यानं वेशीकडच्या बारवेत पांढरी भुकटी टाकली तेव्हा गाव बिथरलं होतं — दवा कसली, जहर आहे! तिच्या नवऱ्यानंच, तातेरावांनी, लोकांची समजूत घातली. मळ्याकडच्या बारवेत मात्र डॉक्टरानं काहीच टाकलं नाही. द्वारकाच्या घरी पाणी त्याच बारवेचं. सुटलो बाई, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

आज त्यानं शकूचा पाय पाहून मान हलवली. हळहळून की समाधानानं, ते तिला अजून ठरवता येत नव्हतं.

"वेशीकडं यंदा नारू जवळजवळ नाहीच, बाई. या अंगाला मात्र घरोघर."

"मंग आमच्या बारवेत काहून न्हाई टाकली भुकटी?"

"दोन्हींत टाकली असती तर रोग औषधानं गेला की आपसूक, ते कसं कळलं असतं? आज प्यायलेलं पाणी पायातून निघायला वर्ष लागतं. तेवढं वर्ष एक बारव तशीच ठेवायची होती. आता टाकू. तोवर पाणी फडक्यानं गाळूनच प्या." आणि पायरी उतरता उतरता — "तातेरावांना नाही नारू? घरात पाणी एकाच घागरीचं ना?"

"व्हय, एकाच," ती बोलून गेली.

घागर एकच... पण गेल्या उन्हाळ्यापासून तांब्या पुढं केला की त्यांचं आपलं ठरलेलं — "वेशीवर पिऊन आलो." जेवताना पाण्याऐवजी घट्ट दही. विचारलं तर, तहान न्हाई. वैशाखात तहान नाही! मी भोळी, मला वाटलं अंगात उष्णता असेल. धने भिजवून दिले, तेही तसेच राहिले. आणि डॉक्टर उतरायचा तो आमच्याच ओसरीवर. दोघं हळू आवाजात बोलायचे, मी चहा घेऊन गेले की गप्प. डॉक्टर तरी इथं चहाशिवाय कधी काय प्यायला? चहा उकळलेला असतो... कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि मी रोज तेच पाणी डोक्यावरून आणत होते.

छे. असं कुठं असतं? शकूवर त्यांचा केवढा जीव. जत्रेत खांद्यावरून खाली उतरवत नव्हते. ठाऊक असतं तर पोरीला पिऊ दिलं असतं? की डॉक्टरानं शब्द घेतला असेल — बोललात तर लोक बारव बदलतील, वर्ष वाया जाईल, गावाचं भलं व्हायचं राहील... गावाचं भलं! आणि माझ्या लेकराचा पाय? तिला एवढा संताप आला की काडी हलली आणि शकू कळवळली. द्वारकानं तिचं डोकं पोटाशी धरलं. वेशीवरून तर त्यांची रोजची वाट, पीतही असतील तिथं. आपलंच मन वाईट.

उन्हं कलताना तातेराव आले. तिनं सकाळच्याच घागरीतून तांब्या भरला, गाळला नाही, आणि पुढं केला.

"वेशीवर..." ते म्हणाले आणि थांबले. तिचा चेहरा बघितला. मग शकूचा पाय.

"डाक्टर आला व्हता," ती म्हणाली.

तातेरावांनी तांब्या घेतला, उभ्यानंच तोंडाला लावला, आणि मधे श्वासही न घेता रिकामा केला. मिशा पुसल्या.

"गार हाय," म्हणाले, आणि शकूशेजारी जाऊन बसले.

ज्याला ठाऊक आहे तो पिईल का? ...की ठाऊक होतं म्हणूनच प्यायले? विचारावं असं ओठांवर आलं. पण तांब्या मी दिला. गाळला नाही, तोही मीच. तातेराव पोरीच्या पायाला वारा घालत होते. त्यांचे स्वतःचे पाय समोर पसरलेले, भेगाळलेले, मातीनं भरलेले, धडधाकट. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आता त्यांच्याकडं बघत राहायचं... तिथं नारू निघावा असं तिला वाटत होतं की निघू नये, हे तिचं तिलाच सांगता येईना.