शेवटचे दोन

"दोनच किलोमीटर राहिले, बाई. हे काय, आलंच," पाण्याच्या टेबलामागचे टोपीवाले पेन्शनर म्हणाले, आणि हातातला पेला त्यांच्या टोपीवरच ओतावा असं तिला वाटलं. मागच्या वळणावरही कोणीतरी दोनच सांगितले होते. त्यानंतर एक अख्खा उड्डाणपूल येऊन गेला होता.

ही थाप तिला नवी नव्हती. खरं तर या थापेवरच तिची नोकरी चालली होती. इस्पितळाच्या व्यायामखोलीत ती पडल्या-मोडल्या माणसांचे हातपाय हलवून घेई, आणि 'शेवटचे दोन' हे तिचं ठेवणीतलं औषध होतं. रुग्ण कण्हायला लागला की म्हणायचं, शेवटचे दोन. ते झाले की, छान, आता अगदी शेवटचे दोन. असा पाच-सहा वेळा शेवट झाल्याशिवाय ती कोणाला सोडत नसे. तिच्या पाठीमागे लोक तिला हेडमास्तरीण म्हणत, आणि बरे झाले की आवर्जून भेटायला येत.

एकाच माणसावर या औषधाची मात्रा चालली नव्हती, आणि तो नेमका तिच्या घरात होता.

नवरा बस चालवायचा. अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, बरीचशी परतही आली. पण तोवर तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचं नाव काढेना. डॉक्टर म्हणत होते, जिना उतरू शकतील. पण तिने पाय हातात घेऊन 'शेवटचे दोन' म्हटलं की तो पाय आखडून घ्यायचा. समजूत घालून झाली, रागावून झालं, अबोला धरून झाला. शेवटी एकदा कडाक्याचं भांडण झालं तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्याचा पाय दुखत असला की दोन काय आणि वीस काय. तू एकदा रडकुंडीला येईपर्यंत पळून दाखव. मग मी उतरतो. फाटकापर्यंत येतो."

इस्पितळाच्या फळ्यावर अर्ध्या मॅरेथॉनचा कागद लागलेलाच होता. तिने रागाच्या भरात नाव देऊन टाकलं. या वयात हात दाखवून अवलक्षण कशाला, असं नणंद म्हणाली. नवरा तिच्या नव्या बुटांकडे तेवढा बघत राहिला.

त्याच बुटांनी आता अंगठ्याचं नख सोलून काढलं होतं. पूल उतरताना गुडघा बाहेरच्या बाजूने धरला होता आणि पाऊल टेकलं की कळ थेट कमरेपर्यंत जात होती. एखादा रुग्ण असा पळताना दिसता तर तिने त्याला दंड धरून खाली बसवलं असतं आणि वर चार शब्द सुनावले असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. तिला सगळ्यांचाच राग येत होता. टाळ्या वाजवणाऱ्यांचा, पुढे गप्पा मारत पळणाऱ्या दोन काटकुळ्यांचा, आणि सगळ्यात जास्त त्या खुर्चीतल्या माणसाचा. आपण थांबलो तर तो 'बरं झालं' असं तोंडाने म्हणणार नाही, पण पुन्हा कधी जिन्याकडे फिरकणारही नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

रस्त्यावरचे कठडे उचलत येणारा टेम्पो तिच्या शेजारी हळू झाला.

"बसता का, मावशी? सोडतो शेवटाला."

"नको. किती राहिलंय ते सांगा. खरं सांगा."

चालकाने गाडीच्या किलोमीटरच्या आकड्याकडे पाहिलं. "साडेतीन. आणि पुढे चढ आहे."

ती थांबली आणि चक्क रडली. मग नाक पुसून चालू लागली, आणि थोड्या वेळाने चालण्याचं फरफटत पळणं झालं. सकाळपासून एवढं एकच बोलणं तिच्या उपयोगाला आलं होतं. दुखणं माणूस सोसतो. पण ते कुठे संपणार हे कोणी खरं सांगत नसलं की पायातला जीव जातो. नवरा वर्षभर हेच तर म्हणत होता, तुझे दोन कधी संपतच नाहीत. तिने ते हसण्यावारी नेलं होतं. त्याचं बरोबर होतं, आणि तेही आत्ता, या चढावर पटावं, म्हणून तिला त्याचा आणखीच राग आला.

ती पोचली तेव्हा शेवटची कमान उतरवत होते. पदकांचं खोकं चिकटपट्टी लावून बंद झालं होतं. तिथल्या बाईने नखाने पट्टी उचकटून तिला एक पदक काढून दिलं. ते गळ्यात घालून ती टॅक्सीने घरी आली.

फाटकाशी कोणी नव्हतं.

रस्त्याच्या बाजूने तिने वर पाहिलं. खिडकीतली खुर्ची रिकामी होती. आत जाऊन लपला असेल, असं तिच्या मनात आलं, आणि साऱ्या धडपडीवर पाणी पडल्यासारखं झालं. कठड्याला लोंबकळत, दुखरा पाय मागून ओढत ती जिना चढू लागली.

पहिला मजला ओलांडून ती वळणावर आली तर तो तिथे पायरीवर बसला होता. इस्त्रीचा सदरा घामाने भिजून पाठीला चिकटला होता. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. काठी खाली पहिल्या मजल्याशी जाऊन पडली होती. येताना ती तिच्याच पायाला लागली होती, आणि शेजाऱ्यांना शिव्या घालत तिने ती बाजूला सारली होती.

"अशी बघू नकोस," तो वैतागून म्हणाला. "उतरतोय मी. शेजारचे उचलायला आले होते, हाकलून दिलं."

ती कण्हत त्याच्या शेजारी टेकली. त्याने पदकाकडे पाहिलं, मग तिच्या सुजलेल्या गुडघ्याकडे.

"पुरी केलीस?"

"केली."

त्याने उजव्या हाताने सुटलेली नाडी बुटात खोचली. मग त्याने विचारलं, "किती राहिल्या?"

सवयीने 'दोनच' तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं, कठड्यावरून वाकून खालच्या पायऱ्या मोजल्या.

"एकोणतीस," ती म्हणाली. "आणि मग फाटकापर्यंतचं अंगण."

तो खालच्या अंधाऱ्या जिन्याकडे बघत राहिला.

"काठी दे," तो म्हणाला.

तिला उठवेना. मग ती बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली सरकत काठी आणायला निघाली. पदक कठड्याच्या गजांवर आपटत होतं.