टिकीनापर्यंत थांबायचं नाही

निकानोर साठीत प्रेमात पडला, आणि त्या वयात पडल्यामुळे जरा जोरातच पडला. डोंगरातल्या सरोवराकाठी वसलेल्या कोपाकाबानाच्या बाजारात भाजलेले वाल विकणारी कासिल्दा त्याच्याकडे बघून हसली, की तो गरज नसताना शेरभर वाल घेऊन घरी यायचा. घरात वालांची पोती झाली, तेव्हा त्याने धीर करून लग्नाचं विचारलं. कासिल्दाने नाही म्हटलं नाही. तिने अट घातली.

"उस्ताद, तुमच्या त्या ब्लांकाने मला टिकीनाला बहिणीकडे एकदाही न थांबता नेलं, तर लग्न. वाटेत थांबली, तर मी उतरून बस धरणार. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

अट उगाच नव्हती. तिचा पहिला नवरा ट्रक चालवायचा. माणूस भला होता, पण कासिल्दाचं सगळं तरुणपण रस्त्याकडेला गेलं होतं, हातात पाण्याचा डबा आणि समोर उघड्या बॉनेटमधून निघणारी वाफ. त्या ट्रकाच्या नावाने ती अजून बोटं मोडायची.

ब्लांका ही निकानोरची जुनी डिझेल जीप. ब्लांका म्हणजे पांढरी, आणि कधीकाळी ती होतीही. तिचा दरवाजा वाजायचा, काच वाजायची, हॉर्न तेवढा वाजत नसे. पण तापमानाचा काटा मात्र चोख. सरोवराकाठच्या त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं. तेव्हा कंपनीने काढलेली लाल खूण समुद्रकाठच्या लोकांनी बघावी, असं म्हणून निकानोरने आपल्या बहिणीचा नखं रंगवायचा लाल रंग घेतला आणि काट्यावरच्या काचेवर बरीच अलीकडे स्वतःची खूण केली. गाडी चालवताना त्याचा एक डोळा रस्त्यावर आणि एक त्या खुणेवर असे.

ठरलेल्या रविवारी त्याने रेडिएटर धुतला, नवी नळी घातली, नवा पट्टा चढवला, पाणी काठोकाठ भरलं. मग, कशालाच कमी पडायला नको म्हणून, ब्लांकाला आशीर्वादासाठी चर्चसमोरच्या गाड्यांच्या रांगेत उभं केलं.

"लग्नाची गाडी का?" हारवालीने विचारलं.

"जवळजवळ," निकानोर म्हणाला आणि लाजला.

एवढं तिला पुरे होतं. तिने बॉनेटवर ग्लॅडिओलाचे हार चढवले, आरशांना रंगीत कागदांच्या झिरमिळ्या बांधल्या आणि समोरच्या जाळीवर टोपलीएवढा गुच्छ फितीने असा करकचून बांधला की जाळी कुठे आहे ते दिसेना. निकानोर आणखी लावा, आणखी लावा म्हणत होता. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं, रीतीप्रमाणे चाकांवर बियर सांडली, फटाके उडाले. कासिल्दा ठेवणीतला घेरदार घागरा नेसून आणि गोल टोपी घालून आली. तिने गाडीच्या तोंडाकडे अंमळ जास्त वेळ पाहिलं आणि आत जाऊन बसली.

चढ लागला. निकानोर शीळ घालत होता. पहिल्या वळणाला काटा मध्यावर होता. पुढच्या वळणाला तो मध्य सोडून सरकला आणि शीळ बंद पडली.

"काय हो, गाणं संपलं?"

"घसा कोरडा पडला."

"घसा का?" कासिल्दा म्हणाली. "बरं."

निकानोरने हळूच हात पुढे केला आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची धग आत घेतली की काटा थोडा दबतो, हे त्याला ठाऊक होतं. गाडीत भट्टी पेटली.

"तुम्हाला गारठा लागेल म्हणून लावला," तो म्हणाला. कपाळावरून घाम त्याच्या मिशीत उतरत होता.

"किती जपता हो मला." कासिल्दाने शाल काढली. मग वरचा स्वेटर काढला, मग आतला. टोपीने वारा घेत ती म्हणाली, "आणखी काढू का, की पोचेल आता काटा त्या लाल टिळ्यावर?"

निकानोरने चमकून तिच्याकडे पाहिलं. म्हणजे ती पहिल्यापासून काट्याकडेच बघत होती.

काटा खुणेला टेकला. आता थांबावं तर कासिल्दा गेली, आणि न थांबावं तर ब्लांकाचं इंजिन गेलं. ज्या इंजिनाला त्याने पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं, ते या चढावरच जळणार होतं. त्याने पहिला गिअर टाकला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

"जळू दे," तो म्हणाला. "मी थांबत नाही."

कासिल्दाचा वारा घेणारा हात तिथेच राहिला. ट्रकासाठी तिला सतरांदा रस्त्यावर उभं केलं गेलं होतं; तिच्यासाठी इंजिन जाळायला निघालेला माणूस तिने पहिल्यांदा पाहिला. तिने टोपी निकानोरच्या डोक्यावर दाबली, दरवाजा उघडला आणि चालत्या गाडीतून खाली उडी मारली.

"कासिल्दाबाई, अहो—"

"थांबलात तर बघा," ती बाहेरून ओरडली.

घागरा एका हाताने धरून ती रांगणाऱ्या ब्लांकाच्या कडेने धावत होती. मागे बस आली, तिने हॉर्न दिला, खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कासिल्दाने वाकून फितीचं टोक दातांत धरलं, हिसडा दिला आणि तो टोपलीएवढा गुच्छ सुटून तिच्या अंगावर आला. पाठोपाठ तिने हार ओढून काढले. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाळीतून रेडिएटरला वारा लागला, आणि काटा थरथरला, जरा विचारात पडला आणि खाली यायला लागला.

कासिल्दा धापा टाकत, फुलांसकट आत येऊन पडली. तिच्या वेण्यांत कागदाचे तुकडे अडकले होते.

"थांबली का गाडी?"

"नाही," निकानोर म्हणाला. त्याच्या डोक्यावर अजून तिची टोपी होती. "फुलांचं माझ्या लक्षातच आलं नाही."

"माझ्या तर चर्चपाशीच लक्षात आलं होतं. म्हटलं, बघू तरी, उस्ताद कोणाला वाचवतात."

यावर निकानोरला आधी रडू आलं आणि मग हसू. तिलाही हसू आवरेना. पुढचा सगळा चढ ती दोघं पोरांसारखी खिदळत होती, आणि हीटर बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.

टिकीनाला कासिल्दाची बहीण दारात उभी होती. घामाने निथळलेली ती दोघं, एकाच्या डोक्यावर बाईची टोपी आणि दुसरीच्या ओटीत ग्लॅडिओलाचा ढीग, हे बघून तिच्या हातातला मासा तसाच राहिला. तापलेलं इंजिन एकदम बंद करू नये म्हणून निकानोर ब्लांका चालूच ठेवून बसला होता. काटा कधीच मध्यावर आला होता. तरी तो काचेकडे बघत बसला. किल्ली फिरवायचा त्याला धीर होत नव्हता.

कासिल्दाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांबव आता, निकानोर," ती म्हणाली. "पोचलो आपण."