आवळ कडी

मी कडी बोलतेय. दाराची नाही, झोपाळ्याची नाही. बास्केटबॉलची. ज्या लोखंडी कडीतून चेंडू खाली पडला की पोरी ओरडतात आणि पडला नाही की म्हातारे हसतात, ती.

माझा जन्म मोहाडीचा. साल त्र्याहत्तर. आठवडी बाजाराच्या कडेला घनश्याम लोहाराची भट्टी होती. दिवाळी तोंडावर आली होती, शेतातला धान पिवळा पडत होता आणि बैलबंड्यांच्या चाकांना नव्या लोखंडी धावा चढवून घ्यायला शेतकऱ्यांची रांग लागली होती. त्या गर्दीत कॉलेजचे भोजराज सर आले. अंगाने बारीक, उंचीने बेताचे. बास्केटबॉल शिकवणारा माणूस असा असतो यावर कोणाचा विश्वास बसू नये. त्यांनी एक सुतळी पुढे केली. तिला दोन गाठी मारल्या होत्या.

"घनश्यामभाऊ, या गाठीपासून त्या गाठीपर्यंतचा घेर. अशा दोन कड्या पाहिजेत."

घनश्यामने सुतळी सळईला लावली, खूण केली आणि खुणेच्या अलीकडेच छिन्नी ठेवून घाव घातला. मुद्दाम नाही. त्याचा हातच तसा गेला. आयुष्यभर त्याने चाकांच्या धावा केल्या होत्या. धाव नेहमी चाकापेक्षा जरा आवळ करायची असते. तापवली की ती फुलते, चाकावर चढते, आणि वर पाणी ओतलं की चाकाला मिठी मारून बसते. मला मात्र कोणत्याही चाकावर चढायचं नव्हतं. मी होते तशीच राहिले, दोन बोटं लहान. समोरच्या खांबासाठी घडवलेली माझी जुळी बहीणही तशीच.

सरांनी मला हातात फिरवलं, जोड पाहिला, "वा!" म्हणाले. मोजलं नाही. चांगल्या कारागिराचं काम मोजून पाहणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं असावं.

आमचं मैदान म्हणजे कॉलेजच्या मागची मोकळी जागा. ती संस्थेच्या अध्यक्षांची, भैय्याजींची. त्यांची धानाची गिरणी होती, आणि दरवर्षी कापणी झाली की त्यांच्या धानाची पुंजणी, कापलेल्या पेंढ्यांचे उंच ढीग, त्याच जागेवर रचली जात. नेमक्या स्पर्धांच्या दिवसांत. मग पोरी पुंजण्यांना वळसा घालून पळायच्या. चेंडू धानाच्या तणसात शिरला की मळणीचे बैल दचकायचे आणि धान चुरणारा गडी शिव्या द्यायचा.

पोरी सलवार घालून खेळत, ओढणी कमरेला घट्ट बांधत. गावातल्या वडीलधाऱ्यांना ती ओढणी फार खुपायची. रोज संध्याकाळी चार-पाच जण मैदानाच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, येऊन बसत. पाहणंही सोडत नसत आणि नावं ठेवणंही.

मध्ये भैय्याजी. "काय गा भोजराज, तुह्या पोरी तं चेंडू वापस आणाचंच काम करून राहिल्या!"

बाकीचे हो ला हो मिळवून हसत. त्यातल्या एकानेही आयुष्यात चेंडूला हात लावला नव्हता. वय वाढलं की अक्कल आपोआप वाढते असं माणसांना कोण शिकवतं, मला कळत नाही. लोखंड तरी जुनं झालं की गंजतं, आणि गंज सगळ्यांना दिसतो.

पण चेंडू पडत नव्हता, हे खरंच होतं. माझ्या काठावर आपटून तो उडायचा. सरांना वाटायचं, पोरींच्या मनगटात खोट आहे. म्हणून ते मनगटाच्या मागे लागले.

"उंच टाक वं माय. आणखी उंच. आंबा कसा वरून पडते? तसा पडू दे. पुन्हा."

'पुन्हा' हा त्यांचा आवडता शब्द. ते चिडत नसत, ओरडत नसत, नुसतं पुन्हा म्हणत.

चौऱ्याहत्तर साली शकुन आली. बुधराम ढिवराची पोरगी. तलावावर बापाबरोबर फेकजाळं टाकून तिचा हात तयार झालेला. तोंड तर त्याहून तयार. पहिल्याच दिवशी तिने मला पाहून विचारलं, "सर, या कडीले जाळी काहून नाई?" दुसऱ्या दिवशी बुधरामने मासे धरायच्या जाळ्याच्या दोऱ्याची जाळी विणून पाठवली. ती ल्यायल्यावर मला पहिल्यांदा नटल्यासारखं वाटलं.

शकुन चेंडू जाळ्यासारखाच सोडायची, कमरेतून, खांद्यातून आणि अगदी शेवटी बोटांतून. उंच गेलेला चेंडू वर क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा आणि मग सरळ माझ्या पोटातून खाली. काठाला शिवायचासुद्धा नाही. तिचं पाहून बाकीच्या शिकल्या.

पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात संघ पहिल्यांदा आंतरमहाविद्यालयीन विभागीय स्पर्धेला नागपूरला गेला. मी इथेच होते. जे झालं ते पोरींनी परत आल्यावर माझ्याच खाली बसून, एकमेकींना ढकलत सांगितलं, म्हणून मला माहीत. सामन्याआधी शकुनने तिथल्या कडीत एक चेंडू टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. सगळे आत.

"सर," ती भर मैदानात ओरडली, "हे कडी हाय का हीर?"

ज्यांना आवळ कडीची सवय, त्यांना ती विहिरीएवढी वाटली. मोहाडीच्या पोरी कप घेऊन एसटीतून उतरल्या. धुऱ्यावरची मंडळी त्या दिवशी उठून उभी राहिली.

त्याच संध्याकाळी सर शिडी आणि पट्टी घेऊन माझ्याजवळ आले. मोजलं. पुन्हा मोजलं. मग घनश्यामला बोलावलं.

"घनश्यामभाऊ, हे लहान हाय."

"हाय ना, सर. धाव आवळच करा लागते. ढिली धाव रस्त्यात सोडून जाते."

"हे धाव नोहे, कडी हाय!"

घनश्यामने डोक्यावरचं मुंडासं मागे सरकवलं. "अरे बापा. मंग बदलून देतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. असं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. "राहू दे," ते म्हणाले. "पण एक गोष्ट. हिच्यावर फक्त सराव. हिच्यावर पाहुण्यांशी सामना नाई."

तेव्हापासून आमचे सगळे सामने बाहेरगावी. शहात्तरला जिंकलो, सत्याहत्तरला जिंकलो. प्राचार्यांच्या खोलीत एक लाकडी फळा लागला, त्यावर पांढऱ्या रंगात सालं चढू लागली. दरवर्षी फोटो निघायचा. मधोमध खुर्चीवर भैय्याजी, मांडीवर कप. सर इतके कडेला की एका फोटोत त्यांचा अर्धा खांदाच आलाय.

मग अठ्ठ्याहत्तर उजाडलं. शकुनचं बी.ए.चं शेवटचं वर्ष, आणि ती कर्णधार. भैय्याजी कुठल्याशा बैठकीत छाती फुगवून विभागाचा अंतिम सामना मोहाडीला ठेवून आले. सरांना विचारलं नाही. येऊन फक्त सांगितलं, तेही माझ्याखाली उभं राहून.

"जिंकल्या तं मैदान पोरींचं. हारल्या तं पुढच्या साली इथं गोदाम बांधतो. धान भिजून राहिला माहा."

"भैय्याजी, मंग कड्या बदलाव्या लागतील. या लहान हायेत. नव्या नागपूरहून मागवतो."

"लहान म्हणजे?"

सरांनी सगळं सांगितलं. भैय्याजींचे डोळे चमकले. "म्हणजे पाहुण्यांचा चेंडू पडनारच नाई? अरे, मंग तं बेसच झालं! नव्या येऊ दे, पण राहू दे पोत्याखाली."

मी वाट पाहत राहिले, की सर आता 'नाही' म्हणतील. त्यांनी नव्या कड्या मागवल्या आणि पोत्याखाली ठेवल्या. त्यांच्याकडे तेवढं एकच मैदान होतं.

आणि मला? मला आनंद झाला. पाहुण्यांसमोर मिरवायला मिळणार होतं ना!

सामन्याच्या दिवशी सकाळपासून माणसं लोटली. मांडव पडला. पुंजणी एका अंगाला सरकवली. नागपूरचा संघ सरावाला उतरला. त्यांच्यात एक उंच, सावळी मुलगी होती. तिने टाकलेला चेंडू माझ्या काठावर आपटून बाहेर गेला. दुसराही. पाचवाही. त्यांचे मास्तर ओरडले, "हात घरी ठेवून आलीस का?" धुऱ्यावरचे म्हातारे खिदळले. मुलगी खाली बसली आणि बुटाची नाडी बांधू लागली. नाडी बांधलेलीच होती. मला वरून दिसत होतं.

तेव्हा माझा आनंद पार ओसरला. असा मान कोणाला हवा होता?

शकुन कडेला बसून मुरमुरे खात होती. तिने ते पाहिलं. ओढणीतले मुरमुरे झटकले आणि सरळ सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, नव्या कड्या कुठं हायेत?"

"शकुन, तुले मालूम हाय, भैय्याजी काय बोलले ते. मैदान जाईल वं."

"मालूम हाय. कुठं हायेत?"

सरांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "भांडारात. पोत्याखाली."

थोड्या वेळाने ती शिडी खांद्यावर घेऊन आली. "घनश्यामकाका, पाना आणा!"

घनश्याम सामना बघायलाच आला होता. त्याने खांबाला शिडी लावून धरली. "पोरी, माह्या हातची कडी चारचौघांत उतरवून राहिली तू."

"वाईट हाय म्हणून नाई उतरवत, काका. आपली हाय म्हणून उतरवून राहिली."

मांडवातून भैय्याजी उठले. "ए पोरी, उतर खाली! मैदान कोनाचं हाय?"

"मैदान तुमचं, भैय्याजी," शकुन वरूनच म्हणाली, "सामना आमचा."

माझा शेवटचा बोल्ट फिरत होता तेव्हा मी समोर पाहिलं. दुसरी शिडी घेऊन भोजराज सर समोरच्या खांबावर चढत होते. माझ्या बहिणीला ते स्वतःच्या हाताने उतरवत होते.

नवी कडी बसली. शकुनने चेंडू त्या उंच मुलीकडे टाकला. "टाक आता, बाई. हे बरोबर हाय."

तो सामना मी तणसाच्या भाऱ्यावर पडून पाहिला. दोन्ही संघ जीव तोडून खेळले. शेवटची शिट्टी व्हायच्या जरा आधी, बरोबरी असताना, त्या उंच मुलीने चेंडू टाकला. तो वर गेला, थांबला, आणि सरळ आत पडला. आमच्या सरांनी शिकवल्यासारखा.

आम्ही हरलो.

पोरी मैदानात बसून रडल्या. शकुन रडली नाही; ती नुसती उभी होती. तिची आई सखाबाई गर्दीतून पुढे आली आणि तिच्या दंडाला धरून म्हणाली, "हारली तं हारली. चाल, जेव पयले."

भैय्याजींनी शब्द पाळला. मोठ्या माणसांचे असलेच शब्द नेमके पाळले जातात. गोदामाचा पाया खणला तेव्हा आमचे खांबही उपटले गेले. माझी बहीण भैय्याजींच्या ओसरीत गेली. अजून तिथे माठाखाली बसली आहे. मला कोणीतरी भंगारात टाकणार होतं, तेवढ्यात बुधराम कॉलेजात आला. अंगात बंडी, पाय चिखलाचे. प्राचार्यांच्या खोलीत न जाता तो सरळ सरांकडे गेला.

"सर, तलावाच्या पाळीखाली आमची जाळी वाळवाची जागा हाय. जाळी एका अंगाले वाळतील. खांब गाडा तिथं."

मी पाळीखाली, तलावाच्या बांधाच्या पायथ्याशी, उभी राहिले. एका बाजूला मासळीचा वास, दुसऱ्या बाजूला पोरींचा दंगा. पुन्हा 'पुन्हा' सुरू झालं. सरांनी मागवलेल्या बरोबर मापाच्या कड्याही तिथेच खोपटात टांगलेल्या असत. पाहुणे आले की मी खाली, त्या वर. कोणाला सांगावं लागत नसे. सर स्वतः शिडी लावत.

एकोणऐंशीला कप परत आला, आणि सर निवृत्त होईपर्यंत गेला नाही. बारा वर्षांत अकरा वेळा! आमच्या एवढ्याशा कॉलेजचा हा विक्रम लोक अजून सांगतात. प्राचार्यांच्या फळ्यावर फक्त अठ्ठ्याहत्तरसमोर कोरी जागा आहे. पाहुणे आले की शिपाई ती हाताने झाकल्यासारखा उभा राहतो. सर मात्र येईल त्याला तीच आधी दाखवत. "हे साल," ते म्हणत, "शकुनबाईंनी शिकवलं मले." त्या सामन्यानंतर ते तिला कधी एकेरी बोलले नाहीत. ती लाजायची, चिडायची, "सर, असं नका करू" म्हणायची. त्यांनी ऐकलं नाही. एवढा एक हट्ट त्या शांत माणसाने केला.

आता मी बपेऱ्याला आहे. शकुनबाई इथल्या शाळेत शिकवतात. बदली झाली तेव्हा ट्रंक, गादी आणि मी असं त्यांचं सामान एसटीच्या टपावर चढलं. भोजराज सरांचं मूळ गावही हेच. संध्याकाळी ते काठी टेकत येतात, लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात आणि बशीतून चहा पितात. गावातले काही म्हातारे पोरींना नावं ठेवायला तिथे जमू पाहतात. सर त्यांना एकच विचारतात, "तू टाकून दाखवतो का?" जागा लवकर रिकामी होते.

मला गंज चढलाय. बुधरामच्या जाळीचे चार दोरेच उरलेत. माझी मागणी मोठी नाही. मला कापून, ताणून मापात आणू नका. मी आवळ आहे ती बरी आहे. माझ्यावर घाम गाळा, माझ्यावर चिडा, आणि पाहुणे आले की मला न विसरता खाली उतरवा. मी तणसावर पडून आनंदाने सामना बघेन.

आज शाळेत नव्या पोरी आल्या. एकीने चेंडू टाकला; माझ्या काठावर आपटून तो थेट सरांच्या खुर्चीखाली गेला. पोरगी पाय आपटत म्हणाली, "बाई, हे कडी लहान हाय!"

सरांनी काठीने चेंडू ढकलला आणि शकुनबाईंकडे पाहिलं.

"हो, लहानच हाय," शकुनबाई म्हणाल्या. "शिडी तिथं हाय, पट्टी इथं हाय. मोजून घे." पोरगी चढली, मोजलं, उतरली. शकुनबाईंनी चेंडू तिच्या हातात दिला.

"आता टाक. उंच."