पहिल्या शिंकेची पातेली

मी एक पातेली बोलतेय. जन्म कारखान्यातला, पण संस्कार या घरचे. आधी माझ्यात दूध तापायचं. एकदा ते करपलं आणि मालकीणबाईंनी माझी बदली वाफाऱ्याच्या कामावर केली. मानाची जागा गेली म्हणून मी चार दिवस फुगून बसले होते.

मालक घड्याळजी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. गेल्या वर्षी त्यांनी साधी सर्दी अंगावर काढली. ती छातीत उतरली आणि अकरा दिवस दवाखान्यात पडून राहावं लागलं. तेव्हापासून त्यांच्या तब्येतीसाठी मालकीणबाई आठवड्यातून एक दिवस दिवे लागेपर्यंत मौन पाळतात.

आणि यंदाची पहिली शिंक नेमकी मौनाच्या दिवशी आली.

दुपारपर्यंत शिंकांची रांगच लागली. मालकांसमोर कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडलेलं. शिंकेसरशी चाकं, स्क्रू, स्प्रिंग, जवळजवळ सगळं भिंतीपर्यंत गेलं.

"धूळ गेली नाकात," मालक म्हणाले.

"सकाळपासून सातव्यांदा," लेक म्हणाली.

मालकीणबाईंनी दारातून आधी नाकाकडे बोट केलं, मग छातीकडे, मग माझ्याकडे.

"आई म्हणतेय, अहो, वाफ घ्या. डॉक्टरांकडे जाऊन या. आणि पोरीला सायकल घ्या."

मालकीणबाईंनी जोरजोरात मान हलवली.

"सायकल पुढच्या महिन्यात म्हणतेय."

"मला काहीही झालेलं नाही," मालक म्हणाले, आणि उरलेले दोन स्क्रूही गेले.

मग मालकीणबाईंनी मला गॅसवर असं काही आदळलं, की गल्लीला कळावं. मौनात त्यांचा आवाज मीच.

पाणी उकळलं. मालक कुरकुरत माझ्यावर वाकले, वरून टॉवेल. डोळ्यावरचं भिंग काढायचं विसरलेच होते, त्यामुळे मी त्यांना विहिरीएवढी दिसले असणार. आत आम्ही दोघंच. तेव्हा ते हळूच म्हणाले, "सर्दी म्हटलं की ते अकरा दिवस आठवतात. भीती वाटते. म्हणून म्हणतच नाही. तिला सांगू नकोस."

टॉवेल म्हणजे काही भिंत नव्हे. मालकीणबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी टॉवेलची कड मालकांच्या मानेवर नीट ओढली आणि पाणी निवेपर्यंत हात तिथेच ठेवला.

संध्याकाळी डॉक्टरांनी छाती तपासली. "साफ आहे. लवकर आलात ते बरं केलंत. दोन दिवस झोप काढा, गरम पाणी प्या. ताप आला किंवा धाप लागली तर लगेच या." देवानं ऐकलं म्हणायचं.

आता मी काठाला चेपलेय, बुडाला काळी पडलेय. पण परवा मालकांनी स्वतःच मला फळीवरून काढलं आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, मला सर्दी झालीय."

तुमच्या घरी कुणी "धूळ आहे" म्हणालं, तर वाद घालू नका. पाणी तापत ठेवा, आणि टॉवेलच्या बाहेर कुणीतरी उभं राहा.