गिऱ्हाईक म्हणेल त्याच्या निम्मं

दर चार मिनिटांनी माझा चष्मा घसरतो. वाढवून सांगत नाही, दुकानातल्या घड्याळावर मोजलंय मी. आणि माझा धंदा काय, तर लोकांचे चष्मे घसरू न देणं. वीस वर्षं हेच करतेय. समोर बसलेल्या माणसाच्या नाकावर फ्रेम ठेवायची, कानामागची काडी गरम करून वाकवायची, नोजपॅड चिमट्याने आत-बाहेर करायचे आणि ऐटीत म्हणायचं, "आता मान हलवा. बघा, जागचा हलत नाही." हे म्हणेपर्यंत माझा स्वतःचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला असतो. गिऱ्हाईक सभ्य असेल तर दुसरीकडे बघतं. सभ्य नसेल तर फिदीफिदी हसतं.

दीड वर्षापूर्वीपर्यंत माझा चष्मा कधी हलला नव्हता. माझ्या नाकाच्या मधोमध चांगला ठसठशीत उंचवटा होता, त्यावर तो टेकायचा. हा उंचवटा आमच्या घराण्याचा. बाबांना त्यांच्या आईकडून आला, मला बाबांकडून. दादा तेवढा सुटला, आणि सुटला म्हणून आयुष्यभर मला चिडवायला मोकळा झाला. शाळेत माझं नाव पोपट होतं. बाईसुद्धा एकदा हजेरी घेताना चुकून म्हणाल्या होत्या.

शाळा संपली की पोपट संपायला हवा होता. पण आमच्या दुकानात अकरा आरसे आहेत. काउंटरवर चार, भिंतीवर सहा आणि एक तीन पाखांचा, ज्यात माणूस स्वतःला दोन्ही बाजूंनी बघतो. दिवसभर मी जिकडे वळायचे तिकडे आधी माझं नाक वळायचं. नवी फ्रेम आली की गिऱ्हाइकाला घालून दाखवायला मीच. "तुम्हाला बरी दिसत नाहीये, पण मला दिसेल," असं एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली. त्या दिवशी मी ठरवलं की बास.

नाकाच्या ऑपरेशनला घरात कुणी नाही म्हटलं नाही. आई असती तर म्हणाली असती. बाबा मागच्या बाजूला त्यांच्या कामाच्या टेबलापाशी बसले होते, हातात कानस होती. ते एवढंच म्हणाले, "घासलेलं परत येत नाही, तेवढं लक्षात ठेव." मी म्हटलं, "बाबा, ते प्लॅस्टिक नाही, नाक आहे." ते म्हणाले, "म्हणून तर."

आता जे सांगणार आहे ते मी दीड वर्षात कुणालाही सांगितलेलं नाही.

बाबांनी मला पंधराव्या वर्षी टेबलावर बसवलं, तेव्हा पहिला नियम शिकवला. गिऱ्हाईक जेवढं घासायला सांगेल त्याच्या निम्मं घासायचं. माणसाला टोचत असतं अर्धा मिलिमीटर आणि तो हातवारे करून सांगतो एक. त्याचं ऐकून एक घासलास तर उद्या तोच माणूस फ्रेम घेऊन परत येतो, ढिली झाली म्हणून. निम्मं घासलं की खूश होऊन जातो. वीस वर्षांत हा नियम एकदाही चुकलेला नाही. दादा पाळतो, मी पाळते, पलीकडच्या रस्त्यावरचा शिंपीसुद्धा पाळतो, मी विचारलंय त्याला.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी पेन्सिल हातात घेऊन विचारलं, उंचवटा किती कमी करायचा? मला दोन मिलिमीटर हवे होते. घरी पट्टी लावून, तीन पाखांच्या आरशात बघून, दहा वेळा मोजलं होतं. आणि मी सांगितलं, चार. मला वाटलं, हाही कारागीरच, हाही निम्मंच करणार. डॉक्टर म्हणाले, "चार जास्त होतील." मला वाटलं, घासाघीस सुरू झाली. मी म्हटलं, "चारच." त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला.

त्यांनी चार काढले. अगदी प्रामाणिकपणे, मापात, चार.

सूज उतरायला महिने लागले. उतरत गेली तसं माझं नाक मधे खोलगट होत गेलं आणि शेंडा चिमटीत धरल्यासारखा अरुंद. त्याचंही एक वेळ मी काही वाटून घेतलं नसतं. पण डावी नाकपुडी श्वास घेताना आत ओढली जाऊन बंद होते. जिना चढताना तोंड उघडं. जेवताना घास चावू की श्वास घेऊ अशी पंचाईत. सकाळी उठले की घसा कोरडा ठणठणीत. मी चिडते, भयंकर चिडते, आणि चिडायलासुद्धा नाकाने नीट हवा लागते हे मला आत्ता कळलंय.

घरात मी सांगितलं की डॉक्टर कसाई निघाला. दादाने ते उचललं. तो गिऱ्हाइकांनाही सांगतो, "बहिणीचं नाक बघा, त्या माणसाकडे चुकूनही जाऊ नका." मी काउंटरमागे फ्रेमा पुसत राहते. नाकावरची पट्टी निघाली त्या दिवशी बाबांनी एकदा बघितलं, "ठीक," म्हणाले, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघतात. कसाई म्हटल्याची लाज एकीकडे आणि हे एकीकडे. यातलं जास्त काय लागतं, मला सांगता येणार नाही.

दुसरे डॉक्टर शोधायला सहा महिने गेले. एक म्हणाले, वर्ष झाल्याशिवाय हात लावणार नाही. दुसऱ्यांनी संगणकावर माझा फोटो घेऊन दोन मिनिटांत असं नाक काढून दाखवलं की ते माझंही नव्हतं आणि माणसाचंही नव्हतं. तिसऱ्या या डॉक्टरबाई. फोनवरच त्यांनी सांगितलं, आधीच्या ऑपरेशनची पूर्ण फाइल आणा, त्याशिवाय बोलणार नाही. ती फाइल माझ्या कपाटात होती. ती न्यायला मी दोन महिने लावले. आज सापडत नाही, उद्या दुकानात गर्दी, परवा आणखी काही. शेवटी तारीख घेतली. सोबत कुणीतरी हवं म्हणाल्या. दादाला दुकान सोडता येईना, म्हणून बाबा आले.

मी पर्समध्ये माझी जुनी फ्रेम घेतली होती. अठराव्या वर्षी बाबांनी माझ्यासाठी तपकिरी प्लॅस्टिकच्या शीटमधून हाताने कापलेली. तिचा ब्रिज, म्हणजे नाकावर टेकणारा मधला भाग, माझ्या उंचवट्याच्या मापाने घासलेला, दुसऱ्या कुणाच्या नाकावर ती बसणारच नाही. आता माझ्याही बसत नाही.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी फाइल उघडली, पानं उलटली, एका पानावर थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि "हं" म्हणाल्या. बाबा भिंतीवरचा नाकाचा तक्ता वाचत होते.

मग त्या उठून माझ्याजवळ आल्या. माझ्या डाव्या गालावर दोन बोटं ठेवली आणि गाल हलकेच कानाकडे ओढला. "आता श्वास घ्या."

हवा आत आली. सरळ, थंड, भरपूर. दीड वर्षानंतर. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी बोटं काढली आणि नाकपुडी पुन्हा बंद. मला त्यांचा हात धरून परत गालावर ठेवावासा वाटला. एवढा राग मला पहिल्या ऑपरेशननंतरही आला नव्हता.

"आतली भिंत आधाराविना पडली आहे," त्या म्हणाल्या. "तिला टेकू द्यावा लागेल. नाकातला कूर्चा पुरेल असं वाटत नाही. कानामागून काढीन."

"कानामागून?" बाबा तक्त्यापासून वळले. "म्हणजे काडीच्या टोकातून."

डॉक्टरांना कळलं नाही. बाबांनी समजावलं. ब्रिज जास्त घासला गेला, तर त्याच शीटचा तुकडा लावावा लागतो, दुसरं प्लॅस्टिक धरत नाही. मग काडीच्या टोकातून, कानामागे लपणाऱ्या भागातून, कापून घ्यायचा. कुणाला दिसत नाही. डॉक्टरबाई प्रथमच हसल्या. "अगदी तसंच," म्हणाल्या. मग दोघं जण सांध्याबद्दल बोलायला लागले. सांधा दिसतो का, सुकायला किती वेळ, वाकडा बसला तर काय. मी मधे नाक घेऊन बसलेली, आणि मला कुणी विचारेना.

"माझं जुनं नाक परत मिळेल का?" मी मोठ्यांदा विचारलं आणि फ्रेम टेबलावर ठेवली. "या मापाचं. ही बसली पाहिजे."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जुनं गेलं. मी चष्म्याच्या मापाने नाक करत नाही. श्वास सुधारेल, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगते. ब्रिज थोडा उचलता येईल. आत जुने व्रण आहेत, त्यामुळे पहिल्यापेक्षा अवघड आणि लांबलेलं काम. आठवडाभर नाकावर साचा, दीड-दोन महिने चष्मा नाकावर टेकवायचा नाही. सूज पूर्ण जायला वर्ष, कदाचित जास्त. पहिल्या महिन्यात आरशात बघून मला फोन करायचा नाही. आणि यानंतर तिसऱ्यांदा बहुतेक कुणीच हात लावणार नाही. मीही नाही. तेव्हा जे सांगाल ते नीट सांगा."

वर्षभर. अकरा आरशांसमोर आणखी वर्षभर सुजलेलं तोंड. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडण्यासारखं समोर कुणी नव्हतं, एक मी सोडून.

डॉक्टरांनी कागद ओढला, पेन्सिल घेतली. "ब्रिज किती उचलायचा? तुमच्या मनात काय आहे?"

"तीन," मी म्हटलं.

बाबांनी तोवर जुनी फ्रेम उचलून खिडकीकडे धरली होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली. "खरं किती हवंय?"

मी पर्सची चेन लावली.

"पोरी, खरं किती हवंय?"

"दीड."

डॉक्टरांची पेन्सिल थांबली. बाबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "मागच्या वेळी त्याला किती सांगितलं होतंस?"

"चार."

"आणि हवे होते?"

चष्मा घसरला. मी तो वर ढकलला. "दोन."

मी वाट बघत होते की आता खरडपट्टी निघणार. डॉक्टर फाइलमध्ये डोकं घालून बसल्या, चारचा हट्ट माझाच होता हे त्यांना ते पान वाचूनच कळलं होतं. बाबांनी मात्र दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या कानावरून नजर काढली आणि सरळ नाकाकडे बघितलं, दुरुस्तीला आलेली फ्रेम बघतात तसं, घाई न करता, दोन्ही बाजूंनी.

"तो दुकानदार नव्हता गं," ते म्हणाले. "मी शिकवलं ते आपल्या टेबलापुरतं होतं. हे सांगायचं माझ्याकडून राहिलं."

मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "दीड लिहा. दीड म्हणजे दीडच."

त्यांनी लिहिलं. मी सही केली. बाबांनी जुनी फ्रेम स्वतःच्या खिशात टाकली. "नाक बसू दे आधी. वर्षाने मापाला ये, हिचा ब्रिज बघतो."

आम्ही जिना उतरून खाली आलो. फाटकापाशी थांबून बाबा म्हणाले, "दादाला फोन लाव."

"कशाला?"

"तो रोज काउंटरवर उभा राहून त्या डॉक्टरला शिव्या घालतो. बंद कर म्हणावं. कारण सांग."

"घरी गेल्यावर सांगते की."

"आत्ता सांग." त्यांनी माझ्या हातातली फाइल स्वतःकडे घेतली, म्हणजे माझा हात मोकळा झाला. "आणि निम्मं नाही. सगळं सांग."