पालथ्या पेल्यावरचा तांब्या

मी एक जुना पितळी तांब्या आहे. माझ्या पोटाला मोठा पोचा आहे आणि स्वभावाने मी भित्रा आहे. मित्रांनो, तांब्याला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण रस्त्यावरून वाळूचा ट्रक गेला तरी मी दचकतो. असं का होतं, ते ऐका.

लातूरच्या गंजगोलाईजवळ एका तांबटाच्या हातोडीखाली माझा जन्म झाला. ठोके खाऊन मी गोल झालो, चिंचेने घासून चकचकीत झालो आणि गोदावरीबाईंच्या लग्नात आहेर म्हणून किल्लारीकडच्या एका गावात आलो. माळवदाच्या, म्हणजे जाड मातीच्या छताच्या घरात वरच्या फळीवर माझी जागा होती. आल्यागेल्याला पाणी द्यायचं, एवढंच काम. कोणी मला शाबासकी देत नव्हतं, पण मी सुखात होतो.

मग त्र्याण्णव साल आलं. गणपती विसर्जन करून गाव दमून झोपलं होतं आणि पहाटे जमीन हलली. मी फळीवरून खाली आदळलो. त्या आवाजाने गोदावरीबाई जाग्या झाल्या, आपल्या तान्ह्या लेकीला, देविकाला, उचलून अंगणात धावल्या. त्यांच्या सासूबाई चपला शोधायला मागे वळल्या. त्या बाहेर आल्याच नाहीत. मला पुढे कधीतरी जवानांनी मातीतून उपसून काढलं, तेव्हापासून हा पोचा आहे.

पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर गोदावरीबाईंनी मला पाण्याला लावलं नाही. जमिनीवर पेला पालथा घालायचा आणि त्यावर मला रिकामा उभा करायचा. जमीन थरथरली की मी पडणार, मी पडलो की सगळ्यांनी बाहेर पळायचं. तेव्हा प्रत्येक शेडमध्ये असा एक तांब्या उभा असे. पुढे पक्की घरं झाली, माणसं निर्धास्त झाली आणि बाकीचे तांब्ये मोडीत गेले. गोदावरीबाईंनी मला उभाच ठेवला.

त्या कुटुंबासोबत मी लातूर शहरात आलो. गावोगावची मुलं डॉक्टर व्हायचं म्हणून इथल्या क्लासना येऊ लागली होती. गोदावरीबाईंनी आपल्या दुमजली घरात मुलींचं वसतिगृह काढलं. जिन्याखालच्या शहाबादी फरशीवर मला पालथ्या पेल्यावर बसवलं. पडलो तर आवाज वरपर्यंत जावा, हा हेतू. नवी मुलगी आली की तिला सामान उघडायच्या आधी माझ्यापुढे उभं करत आणि सांगत, "ह्यो पडला की अंगणात यायचं. चपला बघायच्या न्हाईत, पुस्तक घ्यायचं न्हाई. अन् एकदा भायेर पडलं की मागं फिरायचं न्हाई, कुणी का राहिना आत." शेवटचं वाक्य त्या दरवेळी माझा पोचा चाचपत बोलत.

काही वर्षांनी आजूबाजूला लिफ्टची, गारेगार खोल्यांची मोठी वसतिगृहं उभी राहिली. आमच्या खोल्या ओस पडू लागल्या. कारभार आता देविकाकडे होता. ती हुशार आणि कष्टाळू. तिने एक ब्लॉग सुरू केला आणि त्याला नाव दिलं 'अंगणात या'. पहिल्याच लेखात तिने माझी गोष्ट लिहिली: ती पहाट, तो आवाज, आजीच्या चपला. लेख साधा होता, पण खरा होता. तो एका पालकाने दुसऱ्याला पाठवला, दुसऱ्याने तिसऱ्याला. नांदेडहून, धर्माबादहून फोन येऊ लागले. "ते तांब्यावालं वसतिगृह तुमचंच का?" असं लोक विचारत. खोल्या भरल्या.

किनवटचे आनंदराज नावाचे शिक्षक तो लेख वाचूनच आपल्या लेकीला, समीक्षाला, घेऊन आले. शिकायला म्हणून त्यांच्या वस्तीतून बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. जाताना त्यांनी मला हात लावून पाहिलं आणि गोदावरीबाईंना म्हणाले, "मावशी, लिफ्टवाली जागा बी बघून आलो. पण पोरीला तुमच्या भरोशावर ठेवून राहिलो." मला तेव्हा ऊर भरून आल्यासारखं झालं. खरं सांगतो, थोडा गर्वही झाला.

पण ब्लॉग वाचायला वेळ लागतो, आणि लोकांना तो नसतो. देविका कुठल्याशा शिबिराला जाऊन शिकून आली की व्हिडिओ छोटा हवा आणि सुरुवातीलाच काहीतरी धडाडकन घडलं पाहिजे. तिने माझ्या गळ्याला काळा दोरा बांधला. दोरा ओढला, मी फरशीवर ठणकन पडलो, मुली जिन्यावरून धावत अंगणात आल्या. समीक्षा सगळ्यांत पुढे होती. खाली अक्षरं उमटली: 'तुमची मुलगी कुठे सुरक्षित आहे?'

तो व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. मग दर आठवड्याला नवा व्हिडिओ निघू लागला. कधी मी गाण्याच्या तालावर पडलो, कधी मुली नव्या ड्रेसमध्ये धावल्या. एका मुलीच्या वाढदिवसाला माझ्या गळ्यात हार घालून मला पाडलं. लोक हसरे चेहरे पाठवत होते, शेजारच्या वसतिगृहांनी बाजारातून नवे तांब्ये आणून आमची नक्कल केली. माझं कौतुक होत होतं आणि मी आतून गारठत होतो. सुरुवातीला मी पडलो की मुलींच्या पावलांत घाई असायची. हळूहळू त्या पावलांत रेंगाळणं आलं.

गोदावरीबाईंनी एकदा देविकाला अडवलं. "बाई गं, भ्यायची वस्तू खेळायला काढून राहिलीस तू. दोरा सोड."

"आई, ह्या दोऱ्यामुळेच खोल्या भरल्या आहेत," देविका म्हणाली. ते खोटं नव्हतं. गोदावरीबाई रोज मला पेल्यावर नीट बसवत, पण माझ्याकडे पाहताना त्यांचा चेहरा उतरलेला असे.

तो रविवार होता. सकाळी क्लासची चाचणी झालेली, जेवणं उरकलेली, मुली आपापल्या खोलीत लोळत होत्या. दोरा खाली सैल पडला होता, जवळ कोणी नव्हतं. आणि फरशीखालून ती घरघर आली. तीस वर्षांत मी ती विसरलो नव्हतो. पेला थरथरला आणि मी पडलो. जेवढ्या जोरात वाजता येईल तेवढा वाजलो.

वरून एक हसरा आवाज आला. "ताई, आज बी शूटिंग हाय का? थांबा की, केस विंचरून येते."

धक्का अजून हलका होता, लोळणाऱ्या मुलींना तो जाणवलाच नाही. कोणाचंही पाऊल वाजलं नाही. देविका ऑफिसच्या खोलीतून मोबाइलचा कॅमेरा सुरू करूनच बाहेर आली. एखाद्या मुलीने गंमत म्हणून दोरा ओढला असेल, असं तिला वाटलं. मी फरशीवर गडगडत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं. मित्रांनो, आवाज असूनही कोणी तो मानत नाही, याच्याइतकी भीती मी मातीखालीसुद्धा अनुभवली नव्हती.

गोदावरीबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्या आधीच बाहेर होत्या, सुरक्षित होत्या. त्यांनी हाका मारल्या, "पोरींनो, भायेर या. खरंच हालून राहिलं." वर हसू फुटलं. आजीसुद्धा आज व्हिडिओत काम करताहेत, असं मुलींना वाटलं.

तेव्हा गोदावरीबाईंनी हातातलं ओलं लुगडं टाकलं आणि त्या घरात शिरल्या. दुखरे गुडघे धरत त्या जिना चढू लागल्या. एक पायरी, मग कठडा, मग दुसरी पायरी. ज्या बाईने आयुष्यभर 'मागं फिरायचं न्हाई' म्हणून सांगितलं, ती हलत्या घरात वर चढत होती.

समीक्षा खोलीत टेबलाशी प्रश्नपत्रिका सोडवत होती. कसला गोंधळ म्हणून ती दारापर्यंत आली आणि तिने जिन्यावर आजींना पाहिलं. दुखऱ्या गुडघ्यांनी आजी व्हिडिओसाठी जिना चढणार नाहीत, हे तिला कळलं.

"आजी वर येऊन राहिल्या," ती ओरडली. "अगं, आजी वर येऊन राहिल्या. खरं हाय ते. चला."

एवढं पुरलं. दारं आपटली, अनवाणी पावलं धडधडली, मुलींनी गोदावरीबाईंना मधल्या मधे उचललं आणि सगळ्या जणी अंगणात पोचल्या. तेवढ्यात दुसरा धक्का आला. तो पहिल्यापेक्षा मोठा होता. वर काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला. नंतर पाहिलं तर समीक्षाच्या टेबलावर छताच्या गिलाव्याचा मोठा तुकडा पडला होता. खुर्ची मोडली होती.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण देविका अंगणात मटकन खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. तिच्या मोबाइलमध्ये सगळं टिपलं गेलं होतं. तसा व्हिडिओ तिला पुन्हा कधी मिळाला नसता. तिने तो कोणालाही पाठवला नाही. आत आली, माझ्या गळ्यातला दोरा दाताने तोडला आणि मला पदराने पुसलं. संध्याकाळी आनंदराजांचा फोन आला, तेव्हा देविकाने तो समीक्षाकडे दिला. ती म्हणाली, "बाबा, आजी व्हत्या."

देविकाने जुने व्हिडिओ काढून टाकले आणि ते सगळे बनवलेले होते, असं ब्लॉगवर स्पष्ट लिहिलं. तो लेख मोजक्याच लोकांनी वाचला. व्हिडिओ मात्र आता तिचे राहिलेच नव्हते. कोण कुठला माणूस आजही ते पाठवत असतो आणि लोक आजही हसतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, दुकान काढाल, धंदा कराल. आपल्या धंद्याची गोष्ट जगाला जरूर सांगा. खरी गोष्ट सांगितली म्हणूनच तर समीक्षा आमच्याकडे आली. पण जो आवाज माणसाला वाचवण्यासाठी आहे, तो टाळ्या मिळवायला वाजवू नका. तो झिजतो, आणि किती झिजला ते वेळ आल्यावरच कळतं.

मी अजून जिन्याखाली पालथ्या पेल्यावर उभा आहे. परवा मांजराचा धक्का लागून मी पडलो. वर पावलं वाजली आणि मध्येच थांबली. एक नवी मुलगी कठड्यावरून वाकून बघत होती, कोणाच्या हातात मोबाइल आहे का. गोदावरीबाई खाली खाटेवर होत्या. भूकंपाच्या त्या रविवारपासून त्यांचे गुडघे कायमचे गेले आहेत, त्यांना आता जिना चढता येत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. मी पडलो तर मोबाइल शोधू नका. अंगणात या.